वर्सोव्याची पिल्लं आणि वेळासची टोपली

२२ मार्च २०१८ रोजी वर्सोवा चौपाटीच्या वाळूतून ऑलिव्ह रिडले कासवाची किमान ८० पिल्लं बाहेर आली आणि समुद्रात गेली. मुंबईत सुमारे २० वर्षांत असं काही दिसलं नव्हतं. भटक्या कुत्र्यांपासून त्यांची राखण केली ती किनारा साफ करणाऱ्या स्वयंसेवकांनी. वकील अफरोज शाह यांनी ऑक्टोबर २०१५मध्ये ८४ वर्षांचे शेजारी हरबंश माथुर यांना सोबत घेऊन इथला कचरा उचलायला सुरुवात केली होती.

‘स्वच्छता झाली, कासवं परतली’ असे मथळे मग सगळीकडे झळकले. ते अर्धेच खरे. अंडी घालायला मादीला वल्ह्यासारख्या मागच्या पायांनी हातभर खोल खड्डा करावा लागतो. प्लॅस्टिकच्या थरात तो होत नाही, एवढं श्रेय सफाईला निर्विवाद. पण कासव वयात यायला दहा-पंधरा वर्षं लागतात. म्हणजे ती मादी जन्मली तेव्हा या मोहिमेचा पत्ताही नव्हता. आणि अंडी वाचली, कारण घरटं कुणाला ठाऊकच नव्हतं.

कोकणातल्या गावांत नेमकं याच्या उलट होतं: घरटी गावाला ठाऊक असायची आणि अंडी पळवली जायची. २००२मध्ये चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ या संस्थेची मंडळी सागरी गरुडांची पाहणी करत वेळासला पोचली, तेव्हा किनाऱ्यावर त्यांना कासवाच्या अंड्यांची टरफलं सापडली. मंडणगड तालुक्यातलं हे गाव तोवर नाना फडणवीसांचं म्हणून माहीत. संस्थेचे भाऊ काटदरे आणि सहकाऱ्यांनी गावकऱ्यांनाच राखणीला घेतलं. पहाटे किनारा धुंडाळायचा, मादीचा माग काढत घरटं शोधायचं, अंडी कुंपणातल्या तशाच खड्ड्यात हलवायची. एका घरट्यात शंभरावर अंडी, उबायला ४५ ते ६० दिवस.

२००६पासून तिथे कासव महोत्सव सुरू झाला आणि पिल्लं बघायला माणसं येऊ लागली, त्यात मुंबईकर भरपूर. घरोघरी राहण्या-जेवण्याची सोय झाली, चुलीवरच्या जेवणाचे पैसे घरात आले. माझ्या मते कासवं वाचली ती भाषणांपेक्षा या हिशोबाने. पुढे अशी राखण किनाऱ्यावरच्या आणखी गावांत पसरली.

पिल्लांना पाण्याच्या काठावर सोडत नाहीत, काही पावलं वर वाळूत ठेवतात. तळहाताहून लहान जीव, आधी थबकतो, मग उजेडाकडे वल्ही मारत सुटतो. अंधारात समुद्राची बाजू जास्त उजळ दिसते, तीच त्याची वाट. म्हणून मुंबईतल्या किनाऱ्यालगतचे दिवे घातक. पिल्लू रस्त्याकडे वळू शकतं.

वेळासला बघायला जायचं तर फेब्रुवारी ते एप्रिल हा काळ धरावा. घरट्यांवर उपड्या घातलेल्या टोपल्या सकाळ-संध्याकाळ उचलतात. खाली पिल्लं असतीलच याची हमी कुणी देत नाही; सकाळी नसली तर संध्याकाळपर्यंत थांबायचं.