शौर्यपदक मिळालेल्या निवृत्त पोलिसांची पेन्शन: आयकर माफी कशी घ्यायची

महाराष्ट्रात पेन्शनवर राज्याचा वेगळा आयकर नाही. पगारातून कापला जाणारा व्यवसाय करही निवृत्तीनंतर थांबतो. उरतो तो केंद्राचा आयकर. तो जिल्हा कोषागार (मुंबईत अधिदान व लेखा कार्यालय) पेन्शन जमा करण्याआधीच कापून घेतं.

आर्थिक वर्ष 2025-26 साठी नव्या करप्रणालीत 75,000 रुपयांची प्रमाणित वजावट धरून वर्षाची पेन्शन 12 लाख 75 हजारांपर्यंत असेल आणि दुसरं उत्पन्न नसेल, तर कर शून्य. ठेवींचं व्याज मात्र यात मिळवावं लागतं आणि बऱ्याच जणांचं गणित तिथेच बिघडतं.

शौर्यपदक असेल तर गोष्ट वेगळी. आयकर कायदा, 1961 च्या कलम 10(18) प्रमाणे केंद्र किंवा राज्य सरकारच्या सेवेत असलेल्या आणि अधिसूचित शौर्यपदक मिळालेल्या व्यक्तीची सगळी पेन्शन करमुक्त आहे. त्याला रकमेची मर्यादा नाही आणि करप्रणाली जुनी की नवी, याने फरक पडत नाही. अशा व्यक्तीच्या पश्चात कुटुंबाला मिळणारं कुटुंब निवृत्तिवेतनही पूर्ण करमुक्त. एरवी त्यावर नव्या प्रणालीत एक तृतीयांश किंवा 25,000 रुपये, यातली कमी रक्कमच वजा होते.

पदकाचं नाव नीट वाचा. ‘शौर्यासाठी’ दिलेलं पोलीस पदक चालतं. ‘विशिष्ट सेवा’ किंवा ‘गुणवत्तापूर्ण सेवा’ यांसाठीचं चालत नाही, मग ते राष्ट्रपतींचं का असेना. या गफलतीने अर्ज फुकट जातो. महापालिकेच्या अग्निशमन दलातल्या निवृत्तांपुढे आणखी एक अडचण आहे. कलमात ‘केंद्र किंवा राज्य सरकारची सेवा’ असे शब्द आहेत आणि महापालिका म्हणजे राज्य सरकार नव्हे. त्यांनी दावा करण्याआधी करसल्लागाराचं लेखी मत घ्यावं.

माफी आपोआप मिळत नाही. कोषागाराच्या संगणकात पदकाची नोंद नसते, त्यामुळे आर्थिक वर्षाच्या सुरुवातीलाच, एप्रिलमध्ये, साधा अर्ज द्या. सोबत पीपीओची (पेन्शन मंजुरीच्या आदेशाची) प्रत, पॅन, आधार, पदकाची सनद आणि ज्या राजपत्रात नाव छापलं त्या पानाची साक्षांकित प्रत जोडा. दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांकाचा शिक्का घ्यायला विसरू नका. 1 एप्रिल 2026 पासून आयकर कायदा, 2025 लागू आहे आणि त्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत. म्हणून त्यानंतरच्या पेन्शनसाठी अर्जात नुसतं ‘10(18)’ न लिहिता ‘शौर्यपदकधारकाची करमुक्त पेन्शन’ असं शब्दांत लिहा.

अर्ज अडकतो तो बहुधा नावावर. राजपत्रात ‘एस. बी. पाटील, हवालदार’ आणि पीपीओवर पूर्ण नाव, निवृत्तीचा हुद्दा सहायक उपनिरीक्षक. अशा वेळी शेवटच्या नेमणुकीच्या घटक कार्यालयाकडून सेवापुस्तकातल्या पदकाच्या नोंदीची साक्षांकित प्रत आणा. तिच्यावर बक्कल नंबर (पोलिसाचा ओळख क्रमांक) असेल तर दोन्ही नावं एकाच माणसाची आहेत हे सिद्ध करायला फारसं काही लागत नाही.

कर आधीच कापला गेला असेल तर आयकर विवरणपत्रातून परतावा मागा. पेन्शनची रक्कम वेतनाच्या रकान्यात न टाकता करमुक्त उत्पन्नात, शौर्यपदकाच्या पेन्शनच्या कलमापुढे दाखवा आणि कापलेला कर 26एएसशी (तुमच्या नावे जमा झालेल्या कराच्या विवरणाशी) जुळवा. दोन्हीकडे दाखवली तर वेतनाच्या रकान्यातल्या रकमेवर कर लागतोच. 26एएसमध्ये कोषागाराने तीच रक्कम वेतन म्हणून दाखवलेली असल्याने तफावतीची नोटीस येऊ शकते. घाबरू नका, उत्तरासोबत राजपत्राचं पान आणि सनद जोडा.

मागच्या वर्षांत कर भरत आला असाल आणि विवरणपत्राची मुदत गेली असेल, तर विलंब माफीचा अर्ज करता येतो. तो संबंधित कर निर्धारण वर्ष (उत्पन्नाच्या आर्थिक वर्षानंतरचं वर्ष) संपल्यापासून 5 वर्षांच्या आत करावा लागतो. हे काम ई-फायलिंग पोर्टलवर होतं. उशीर का झाला ते स्पष्ट लिहा आणि प्रत्येक वर्षासाठी वेगळा अर्ज करा.