ख्रिस्ती घटस्फोटाची कलमे: बायबलची किती, व्हिक्टोरियन इंग्लंडची किती?

२००१ सालापर्यंत भारतात ख्रिस्ती नवऱ्याला घटस्फोट हवा असेल, तर बायकोचा व्यभिचार सिद्ध करणे पुरेसे होते. बायकोला मात्र नुसता नवऱ्याचा व्यभिचार सिद्ध करून भागत नसे. व्यभिचार आणि छळ, किंवा व्यभिचार आणि किमान दोन वर्षे टाकून देणे, अशी जोडी दाखवावी लागे. नाहीतर तो व्यभिचार निषिद्ध नात्यातला असावा लागे. नवरा रोज मारतो, पण त्याचे बाहेर कुठे संबंध नाहीत, अशा बाईला कायदा फार तर वेगळे राहण्याची मुभा देई. लग्न मोडत नसे, दुसरे करता येत नसे. हे १८६९ च्या भारतीय घटस्फोट कायद्याचे कलम १०.

आपल्याकडे या कलमाबद्दल एक समज रुजला आहे: ख्रिस्ती धर्मातच घटस्फोट कठीण, म्हणून कायदाही कठीण. हा समज अर्धाच खरा आहे. ख्रिस्ती परंपरा लग्न मोडण्याच्या विरोधात उभी राहिली, हे खरे. पण नवऱ्याला एक माप आणि बायकोला दुसरे, ही वाटणी बायबलमध्ये सापडत नाही. ती आली लंडनच्या पार्लमेंटमधून, आणि तिथे रद्द झाल्यावरही आपल्याकडे पाऊण शतकाहून अधिक काळ टिकली.

आधी धर्मग्रंथ काय म्हणतो ते पाहू. मार्ककृत शुभवर्तमानाच्या, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या एका चरित्राच्या, दहाव्या अध्यायात परूशी, म्हणजे यहुदी धर्मातल्या एका पंथाचे लोक, येशूला विचारतात की नवऱ्याने बायको टाकणे योग्य आहे का. यहुद्यांना नियमशास्त्र देणाऱ्या मोशेने सूटपत्र, म्हणजे बायकोला सोडल्याचा कागद, लिहून देण्याची परवानगी दिली होती, हा त्यांचा आधार. येशूचे उत्तर सगळ्यांना ठाऊक आहे: देवाने जे जोडले आहे ते माणसाने तोडू नये. सूटपत्र देण्याची मुभा त्या काळी मुख्यतः पुरुषाच्या हातात होती आणि टाकलेल्या बाईला आधार नसे, हे ध्यानात घेतले तर हे उत्तर बायकांची बाजू घेणारेही आहे. त्याच अध्यायात येशू नवऱ्याला आणि बायकोला एकच नियम लावतो. मत्तयकृत शुभवर्तमानाच्या एकोणिसाव्या अध्यायात मात्र ‘जारकर्माच्या कारणावाचून’ असा अपवाद येतो. पुढच्या दोन हजार वर्षांतले वाद या दोन परिच्छेदांतल्या फरकाभोवतीच फिरले. कॅथलिक परंपरेने मार्कचा शब्द प्रमाण धरला. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स चर्चने मानवी दुबळेपणाला सवलत म्हणून, काही अटींवर, दुसऱ्या आणि क्वचित तिसऱ्या लग्नालाही जागा दिली.

तिसरा आधार संत पौल या आद्य ख्रिस्ती प्रचारकाचा. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या सातव्या अध्यायात तो म्हणतो की जोडीदार विश्वास न ठेवणारा असेल आणि सोडून जाऊ पाहत असेल तर त्याला जाऊ द्या. अशा वेळी भाऊ किंवा बहीण बांधलेली नाही. या ओळीचा महाराष्ट्राशी थेट संबंध आला. एकोणिसाव्या शतकात कुणी बाप्तिस्मा घेतला की घरचे लोक त्याच्या बायकोला किंवा तिच्या नवऱ्याला परत पाठवत नसत. मग बाटलेल्या माणसाचे लग्न टिकले की मोडले? ब्रिटिश सरकारने १८६६ मध्ये धर्मांतरितांच्या विवाहविच्छेदाचा कायदा केला. धर्मांतरामुळे जोडीदाराने सलग सहा महिने टाकले असेल तर कोर्टात जाता येई. तरीही कोर्ट जोडीदाराला फेरविचारासाठी वर्षभराची मुदत देई आणि मगच लग्न मोडे.

हा कायदा लागू असतानाच १८९५ मध्ये नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई हिंदूच राहिल्या. दोघे काही वर्षे दूर होते, पण टिळकांनी लग्न मोडण्याची वाट धरली नाही. लक्ष्मीबाई परत आल्या तेव्हाही आपला धर्म आणि आपले सोवळे घेऊनच आल्या, आणि १९०० मध्ये स्वतःच्या निर्णयाने ख्रिस्ती झाल्या. ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्याला हे माहीत असते. मला त्यातले विशेष वाटते ते असे, की पौलाने आणि सरकारने दोघांनीही दार उघडे ठेवले होते आणि हे जोडपे त्यातून बाहेर पडले नाही. लग्न टिकते ते कायद्याच्या बळावर नव्हे, हे यापेक्षा स्पष्ट करून सांगता येणार नाही.

लग्नाशिवाय एकत्र राहण्याबद्दलही चर्चची भूमिका पहिल्यापासून आजच्याइतकी आखीव नव्हती. चौथ्या-पाचव्या शतकातला चर्चचा मोठा विचारवंत संत ऑगस्टीन स्वतः तरुणपणी एका स्त्रीबरोबर बरीच वर्षे लग्नाविना राहिला. त्यांना मुलगाही होता. चांगल्या घरातले स्थळ आले तेव्हा तिला आफ्रिकेला परत पाठवण्यात आले, आणि आपले काळीज रक्तबंबाळ झाल्याचे त्याने लिहून ठेवले आहे. तिचे नाव मात्र त्याने कुठेच दिलेले नाही. पुढे याच ऑगस्टीनने विवाहाची तीन सुफळे सांगितली: संतती, निष्ठा आणि न तुटणारे बंधन. पश्चिमी चर्चचा विवाहविचार त्यांवर उभा राहिला. त्याच सुमारास, इ. स. ४०० मध्ये, स्पेनमधल्या तोलेदो येथील धर्मसभेने ठरवले की ज्याला बायको नाही आणि जो एकाच रखेलीशी निष्ठेने राहतो, त्याला पवित्र भोजनापासून दूर ठेवू नये. त्यापुढची हजारेक वर्षे दोघांनी एकमेकांना दिलेला शब्द हेच लग्न मानले गेले. चोरून दिलेला शब्दसुद्धा चाले, आणि पुरुषाने नंतर कानावर हात ठेवले की बाई उघड्यावर पडे. म्हणून १५६३ मध्ये कॅथलिक चर्चच्या ट्रेंट येथील परिषदेने फर्मान काढले की धर्मगुरू आणि किमान दोन साक्षीदार यांच्यासमोर झालेले लग्न तेच खरे. लग्नाच्या सूचना चर्चमध्ये आधी वाचून दाखवण्याचा नियम १२१५ पासूनच होता.

प्रॉटेस्टंट सुधारकांनी लग्नाला संस्कारांच्या यादीतून काढले. या सुधारकांचा अग्रणी मार्टिन लूथर याच्या मते तो ऐहिक व्यवहार होता, देवाने नेमलेला, पण राज्यसंस्थेच्या अखत्यारीतला. व्यभिचार आणि परित्याग या कारणांवर घटस्फोट आणि निर्दोष पक्षाला पुनर्विवाह, अशी वाट जर्मनी, जिनिव्हा आणि स्कॉटलंडमध्ये खुली झाली. ही कारणे नवरा-बायको दोघांनाही सारखी होती.

इंग्लंडने ती वाट घेतली नाही. आठव्या हेन्रीने जे मिळवले तो घटस्फोट नव्हता. लग्न मुळातच अवैध होते असा तो निवाडा होता. रोमशी संबंध तुटल्यावरही तिथली चर्चची न्यायालये जुनाच कॅथलिक नियम चालवत राहिली. पूर्ण घटस्फोट हवा असेल तर पार्लमेंटकडून स्वतःच्या नावाचा खासगी कायदा करून घ्यावा लागे. एवढा खर्च अमीर-उमरावांनाच झेपे. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून १८५७ पर्यंत अशा तीनशेहून थोड्या अधिक कायद्यांत बायकांच्या वाट्याला अवघे चार आले. १८५७ च्या कायद्याने हा विषय दिवाणी कोर्टात आणला, पण दुटप्पी माप कायम ठेवले. त्यामागे धर्मवचन नव्हते, मालमत्तेची काळजी होती. बायकोच्या व्यभिचारातून परक्याचे मूल वारस होईल, नवऱ्याच्या व्यभिचाराने तसे होत नाही, हा युक्तिवाद तेव्हा उघडपणे मांडला गेला.

बारा वर्षांनी तोच कायदा जवळपास तसाच भारतात उतरला. त्यातली इतर कलमेही त्याच मनोवृत्तीची होती. कलम ३४ नुसार नवरा बायकोच्या प्रियकराकडून नुकसानभरपाई मागू शके, जणू बायको ही त्याची वस्तू. कलम ३९ नुसार दोषी ठरलेल्या बायकोची मालमत्ता नवऱ्याच्या आणि मुलांच्या नावे लावता येई. दाव्याच्या काळातली पोटगी नवऱ्याच्या उत्पन्नाच्या एक पंचमांशाच्या वर जाऊ शकत नसे. जिल्हा न्यायालयाने घटस्फोट दिला तरी उच्च न्यायालयाने शिक्कामोर्तब करेपर्यंत तो पक्का होत नसे, आणि त्यात वर्षे जात. कलम ७ तर सरळ सांगे की भारतीय कोर्टांनी इंग्लिश घटस्फोट न्यायालयाच्या तत्त्वांना धरून चालावे.

इंग्लंडने १९२३ मध्ये स्त्री-पुरुषांना एकच माप लावले आणि १९३७ मध्ये क्रूरता व परित्याग ही स्वतंत्र कारणे मान्य केली. भारतात १९५५ मध्ये हिंदू विवाह कायदा आला, १९७६ मध्ये हिंदूंना उभयपक्षी संमतीने घटस्फोट मिळू लागला. ख्रिस्ती बायका १८६९ मध्येच राहिल्या. विधी आयोगाने १९६० पासून अहवाल दिले, १९६२ चे विधेयक बारगळले, १९८३ मध्ये आयोगाने पुन्हा बजावले. अल्पसंख्याकांच्या कायद्याला हात लावायचा नाही, हे सरकारचे ठरलेले कारण होते. ते मला कधी पटले नाही. हा कायदा त्या समाजाने केलेलाच नव्हता, आणि त्याच समाजातल्या बायका तो बदला म्हणून सांगत होत्या. १९९० च्या दशकात तर अनेक चर्च मंडळ्याही बदलाच्या बाजूने आल्या.

अखेर कोर्टांनी पाऊल उचलले. केरळ उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने १९९५ मध्ये आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने १९९७ मध्ये ही विषमता घटनाबाह्य ठरवली. नुसत्या छळाच्या किंवा परित्यागाच्या कारणावर महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती स्त्रीला सुटका मिळण्याची वाट खुली झाली. संसदेने २००१ मध्ये दुरुस्ती केली. दोघांना सारखी कारणे मिळाली. कलम ७, ३४ आणि ३९ गेली. पोटगीची मर्यादा गेली. संमतीच्या घटस्फोटाचे कलम १०अ आले.

गोव्याची गोष्ट वेगळी आहे. पोर्तुगालमध्ये १९१० च्या ऑक्टोबरमध्ये प्रजासत्ताक आले आणि महिन्याभरात घटस्फोटाचा कायदा झाला. तो गोव्यालाही लागू झाला. म्हणजे मुंबईतल्या ख्रिस्ती बाईला जे मिळत नव्हते ते मडगावातल्या बाईला मिळू लागले. पुढे पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याने १९४० मध्ये व्हॅटिकनशी करार केला आणि १९४६ च्या फर्मानाने तो गोव्यात आला: चर्चमध्ये लग्न करणाऱ्या कॅथलिकांनी घटस्फोटाचा हक्क सोडला असे धरले जाई. पोर्तुगालने १९७५ मध्ये हा करार बदलून घेतला. पण गोवा १९६१ मध्येच मुक्त झाला होता, त्यामुळे लिस्बनमधली सुधारणा इकडे पोहोचण्याचा प्रश्नच नव्हता आणि जुने फर्मान मात्र मागे राहिले.

कॅथलिक माणसासाठी आजही दोन दरवाजे आहेत. कोर्टाचा घटस्फोट चर्च मानत नाही. धर्मप्रांताच्या न्यायाधिकरणाने लग्न मुळातच अवैध होते असा निर्णय दिला तरच चर्चमध्ये पुन्हा लग्न लागते. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ मध्ये ही प्रक्रिया सोपी केली आणि दुसऱ्या न्यायाधिकरणाच्या मंजुरीची सक्ती काढली. उलट बाजूने, चर्चचा निर्णय कोर्ट मानत नाही. केवळ चर्चच्या कागदावर विसंबून केलेले दुसरे लग्न सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये अवैध ठरवले, आणि २०१७ मध्ये चर्चच्या निवाड्याला कायद्याची मान्यता द्यावी ही मागणीही फेटाळली. फादरांकडचा कागद मिळाला म्हणजे सगळे झाले असे समजणाऱ्यांनी हे आधी पाहून घ्यावे.

२००१ च्या दुरुस्तीतही एक खोच राहिली होती. संमतीच्या घटस्फोटासाठी हिंदूंना आणि पारशींना एक वर्ष वेगळे राहणे पुरे, ख्रिस्ती जोडप्यांना दोन वर्षे. याला ना येशूचा आधार, ना पौलाचा. केरळ उच्च न्यायालयाने २०१० मध्ये ही दोन वर्षे एक वर्ष म्हणून वाचावीत असे ठरवले, आणि डिसेंबर २०२२ मध्ये त्याच न्यायालयाने ती एका वर्षाची सक्तीही घटनेशी विसंगत ठरवली. कायद्याच्या पुस्तकातला ‘दोन वर्षे’ हा शब्द बदलण्याचे काम संसदेचे आहे.