वांग्याला गाव आहे, टोमॅटोला नाही

कोल्हापुरात भाजी घेताना गावाचं नाव आपोआप तोंडात येतं. वांगी कृष्णाकाठची, मिरची संकेश्वरी, तांदूळ आजऱ्याचा घनसाळ. टोमॅटोच्या ढिगापुढे मात्र एकच प्रश्न विचारला जातो: गावठी की हायब्रीड? परसात आणि गच्चीवर टोमॅटो लावणारे, एकमेकांना बी देणारे आपण सगळे आज वाणांच्या नावांच्या ज्या गोंधळात सापडलोय, त्याचं मूळ या एका प्रश्नात आहे.

वांगं इथलंच. हजारो वर्षं या मातीत राहिलं, म्हणून काठाकाठाला त्याचा वाण वेगळा झाला आणि गावाचं नाव त्याला चिकटलं. टोमॅटो दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वताकडचा. मेक्सिकोत तो शेतात रुळला आणि तिथल्या नाहुआत्ल भाषेतला 'तोमात्ल' हा शब्द घेऊन स्पॅनिश जहाजांनी युरोपात गेला. 1544 मध्ये इटलीतल्या मॅटिओली या वैद्याने त्याची नोंद केली ती वांग्याचा एक नवा प्रकार म्हणून. पोर्तुगीजांबरोबर तो आपल्याकडे आला, तेव्हा आपल्या लोकांनाही तेच वाटलं. मराठीत बेलवांगी, बंगालीत बिलाती बेगुन. विदर्भात त्याला भेदरं म्हणतात. पिकाला नाव मिळालं, पण त्याच्या वाणांना नावं मिळण्याइतका काळ काही गेला नाही.

वाणांची नावं आली ती संशोधन संस्थांकडून. दिल्लीच्या पुसा संस्थेने 'सू' आणि 'इम्प्रूव्हड मेरुती' यांच्या संकरातून 'पुसा रुबी' काढला. राहुरी विद्यापीठाचे धनश्री, भाग्यश्री आले. हे सरळ वाण होते. फळ पिकू द्यायचं, गर दोन-तीन दिवस आंबवायचा, बी धुऊन राखेत घोळवून वाळवायचं, की पुढच्या साली तेच झाड. 1973 मध्ये बंगळूरच्या एका खाजगी कंपनीने संकरित टोमॅटो बाजारात आणला आणि घरी बी धरण्याचा हिशोबच बदलला. संकरिताच्या बियांतून पुढच्या पिढीत गुण फुटतात. एक झाड आजोबावर, दुसरं आजीवर जातं. नुसतं बी धरत गेलं तर प्रत्येक पिढीत हे मिश्रण निम्म्याने कमी होतं, म्हणून वाण स्थिर व्हायला सात-आठ पिढ्या लागतात.

इथे मला एक गोष्ट ठासून सांगायची आहे. परड्यात, मोरीच्या कडेला आपोआप उगवलेलं ते 'गावठी', अशी आपली समजूत आहे. त्यातली बरीच झाडं बाजारातून आणलेल्या हायब्रीडची नातवंडं असतात. आंबट, चपटी, घड्या पडलेली फळं देणारा जुना टोमॅटो अजून काही घरांत आहे. तो जपायचा असेल, तर ज्याला त्याला गावठी म्हणणं आधी थांबवायला हवं.

गावठी आणि हायब्रीड सोडून तिसरी वाट परदेशी वारसा-वाणांची, म्हणजे घरोघरी पिढ्यान्पिढ्या जपलेल्या वाणांची. अमेरिकेत 1975 मध्ये केंट आणि डायान व्हीली यांनी 'सीड सेव्हर्स एक्स्चेंज' ही बी जपणाऱ्यांची संस्था सुरू केली. डायानच्या आजोबांकडून आलेला 'जर्मन पिंक' हा टोमॅटो या संस्थेच्या मुळाशी आहे. क्रेग लेहूलियर या टोमॅटोवेड्या माणसाला 1990 मध्ये टेनेसीहून टपालाने बिनानावाचं बी आलं. सोबतच्या चिठ्ठीत चेरोकी या तिथल्या मूळ रहिवाशांचा उल्लेख होता, म्हणून त्यांनी त्या जांभळट फळाला 'चेरोकी पर्पल' नाव दिलं. 1995 मध्ये त्याच वाणाच्या एका झाडाला चॉकलेटी फळं लागली. बाकी सगळं तेच, फक्त सालीचा रंग बदललेला. त्यांनी ते बी वेगळं ठेवलं, आणि 'चेरोकी चॉकलेट' उभा राहिला.

वाण ओळखायला साल हा मोठा पुरावा आहे. पिकलेल्या फळाची साल सोलून उजेडात धरा. ती पिवळी तरी असते, नाहीतर पारदर्शक. लाल गरावर पारदर्शक साल असली की फळ गुलाबी दिसतं. पिवळी साल प्रबळ गुण, म्हणजे आई-बापांपैकी एकाकडून आला तरी दिसणारा; पारदर्शक अप्रबळ, म्हणजे दोघांकडून आला तरच दिसणारा. पानाचंही तसंच. बटाट्यासारखं अखंड कडेचं पान अप्रबळ असतं. त्यामुळे बटाटा-पानाच्या वाणातून कातर पानाचं रोप निघालं, तर बी मिसळलंय किंवा मधमाशीने परका पराग आणलाय. टोमॅटो बहुतेक स्वतःच्याच परागावर फळतो, परपरागण सहसा शंभरात पाचाच्या आत. पण मोठ्या फळांच्या जुन्या वाणांत फुलातल्या स्त्रीकेसराचं टोक बाहेर डोकावतं आणि धोका वाढतो.

हवामानही फसवतं. पारा बराच काळ 30 अंशांच्या वर राहिला की लाल रंगाचं लायकोपीन बनणं मंदावतं, पिवळं कॅरोटीन बनत राहतं. आपल्याकडे एप्रिल-मेमधली फळं म्हणूनच नारिंगी राहतात, आणि हौशी माणूस त्यांना नवा वाण समजून नाव देऊन टाकतो. तेच बी सप्टेंबरात टाका आणि थंडीतली फळं बघा, मग बोला.

नावाबाबत कायदाही आहे. 2001 च्या वाण संरक्षण कायद्याने शेतकऱ्याला बी धरण्याचा, पेरण्याचा, देण्याघेण्याचा, विकण्याचाही हक्क दिला, फक्त ब्रँडच्या नावाने विकता येत नाही. वाणाची नोंदणी करायची तर तो वेगळा, एकसारखा आणि स्थिर असावा लागतो. नाव नुसत्या आकड्यांचं चालत नाही, आणि गावाचं नावही सहसा नाकारलं जातं. म्हणजे एखाद्या टोमॅटोला 'कोल्हापुरी' म्हणून नोंदवणं सोपं नाही.

यंदा माझ्याकडे कागलच्या एका काकूंनी दिलेलं 'चेरोकी पर्पल' होतं. त्याचं पान कातर असतं, साल पारदर्शक. सहातलं एक रोप बटाटा-पानाचं निघालं, फळं लाल, साल पिवळी. एकाच गुणाचा फरक असता तर लेहूलियरसारखं काही हाती लागलं असं वाटलं असतं. इथे तीन गुण बदललेले. शिवाय अप्रबळ पान उघडं पडायला संकरानंतर आणखी एक पिढी जावी लागते, म्हणजे संकर माझ्या गच्चीवर झालेलाच नाही. काकूंना फोन केला.

"व्हय की," त्या म्हणाल्या. "त्याच्या शेजारी बटाट्याच्या पानाचं लाल लावलेलं. मग गेल्या साली जांभळ्यात एक झाड तांबडं निघालं. फळं गोड हुती, म्हणून त्याचंबी बी त्यातच घातलं."

पुडीवर मी नाव लिहिलेलं नाही. लिहिलंय ते एवढंच: कागल, चेरोकी पर्पल म्हणून आलेलं, बटाटा-पान, लाल फळ, पिवळी साल, संकराची दुसरी पिढी, रोप 4.