यहुदी अंत्यविधी

यहुदी परंपरेत मृतदेह पुरतात, आणि जमल्यास त्याच दिवशी. शब्बाथ, म्हणजे आठवड्याचा पवित्र विश्रांतीचा दिवस, किंवा मोठा सण आडवा आला तर थांबावे लागते. तोवर देहाला एकटे ठेवत नाहीत. कोणीतरी शेजारी बसून स्तोत्रे म्हणत असते.

या विधींचा गाभा म्हणजे ‘तहारा’, देहाची शुद्धी. ती ‘हेव्रा कदिशा’ हे समाजातल्याच माणसांचे मंडळ करते. पुरुषाला पुरुष, स्त्रीला स्त्रिया न्हाऊ घालतात. देह चादरीखाली असतो. धुवायचा तेवढाच भाग उघडतात, लगेच झाकतात. एखादी वस्तू पलीकडच्याला द्यायची तर मृताच्या अंगावरून देत नाहीत, वळसा घालून जातात. शेवटी नऊ ‘काव’, म्हणजे वीस लिटरहून थोडे अधिक पाणी, धार न तुटू देता ओततात. मग पांढरा, बिनखिशाचा साधा पोशाख चढवतात. त्याच्या बंदांना पक्की गाठ मारत नाहीत. काम संपले की मृताचे नाव घेऊन चुकल्यामाकल्याची क्षमा मागतात. परतफेड होऊच शकत नाही, म्हणून या सेवेला ‘खरे उपकार’ म्हणतात, आणि हे नाव अगदी सार्थ आहे.

साध्या पोशाखामागे एक कथा आहे. तालमूद हा यहुदी धर्मशास्त्राचा जुना ग्रंथ सांगतो, की एके काळी अंत्यविधीचा खर्च इतका वाढला, की नातलग प्रेत टाकून पळून जात. तेव्हा प्रतिष्ठित धर्मगुरू रब्बन गामलिएल यांनी स्वतःला साध्या लिननच्या वस्त्रांत न्यायला लावले. पुढे तीच रीत पडली. गरिबाची लाज राखणारा याहून मोठा नियम सापडणे कठीण.

जवळचे नातलग अंगावरचे वस्त्र फाडतात. आईवडिलांसाठी डावीकडे, हृदयाच्या बाजूला. कबरीत माती आप्तेष्टच लोटतात. फावडे हातोहात न देता खाली ठेवतात, पुढचा ते उचलतो. मग अरामी भाषेतली ‘कद्दिश’ प्रार्थना होते. तिच्यात मृत्यूचा उल्लेखच नाही, आहे ती देवाची स्तुती.

घरी आल्यावरचे पहिले जेवण शेजाऱ्यांकडून येते, त्यात उकडलेली अंडी किंवा मसूर असतात. पुढचे सात दिवस, ‘शिवा’, नातलग ठेंगण्या आसनावर बसतात. भेटायला आलेल्याने आपणहून बोलायचे नसते. दुःखी माणूस बोलेपर्यंत नुसते जवळ बसायचे.

कोकणातल्या बेने इस्राएल या यहुदी समाजाचा इतिहासही दफनभूमीपासूनच सुरू होतो. जहाज फुटून सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या आणि बुडालेल्यांना अलिबागजवळ नवगावला पुरले, असे ते सांगतात. या समाजाच्या कितीतरी कबरींवर हिब्रूच्या जोडीला मराठीही कोरलेली दिसते.