लार्च आणि लॅरिक्स: एक्स-रे शोषणाच्या डेटासाठी नवी फीचर्स

एक्स-रेची ऊर्जा हळूहळू वाढवत नेली की एका ठिकाणी नमुन्यातलं मूलद्रव्य अचानक जास्त शोषायला लागतं, लोखंडासाठी ही कड ७११२ इलेक्ट्रॉनव्होल्टला येते, तांब्यासाठी ८९७९ ला. कडेच्या पुढे ज्या बारीक लाटा दिसतात त्यांच्यात शेजारचे अणू कोणते, किती आणि किती अंतरावर हे दडलेलं असतं. सेयर्स, स्टर्न आणि लायटल यांनी १९७१ मध्ये या लाटांवर फूरिए ट्रान्सफॉर्म (लाटांमधून शेजाऱ्यांची अंतरं वेगळी काढणारं गणित) लावून दाखवला, आणि तेव्हापासून हे काम सॉफ्टवेअरशिवाय होतच नाही.

बरीच वर्षं सगळ्यांच्या लॅपटॉपवर एथेना आणि आर्टेमिस हे दोन प्रोग्रॅम असायचे. एथेनात डेटा साफ करायचा, आर्टेमिसमध्ये फिट करायचा, म्हणजे अणूंच्या मॉडेलशी जुळवून आकडे काढायचे. पर्लमध्ये लिहिलेले हे प्रोग्रॅम आतून मॅथ्यू न्यूव्हिल यांच्या आयफेफिट लायब्ररीवर चालायचे, आणि आयफेफिटची मेमरी ठरलेली, त्यामुळे खूप स्पेक्ट्रा (एकेका स्कॅनचे आलेख) एकदम उघडले की कुरकुर सुरू. मग न्यूव्हिल यांनीच पायथनमध्ये लार्च ही नवी लायब्ररी आणली. तिच्यावरचा खिडक्या-बटणांचा प्रोग्रॅम म्हणजे लॅरिक्स, ज्याला आधी एक्सएएस व्ह्यूअर म्हणायचे. एथेनाच्या जुन्या प्रोजेक्ट फाइल यात थेट उघडतात, नाहीतर कोणी हललंच नसतं.

यातलं खरं कामाचं फीचर दिसायला अगदी साधं आहे, ते म्हणजे सेशन फाइल. डेटा तर सेव्ह होतोच, पण बटणं दाबून जे काय केलं त्याच्या कमांडसुद्धा नोंदल्या जातात, म्हणजे सहा महिन्यांनी गाइडने विचारलं की नॉर्मलायझेशनची (कडेची उंची एकावर आणण्याची) रेंज काय घेतली होती तर डोकं खाजवत बसायला नको, शिवाय त्याच कमांड उचलून पायथन स्क्रिप्टमध्ये टाकल्या की पुढच्या पन्नास स्कॅनवर तेच प्रोसेसिंग एका झटक्यात होतं.

वेव्हलेट ट्रान्सफॉर्म या दुसऱ्या फीचरची चर्चा जास्त होते, कारण चित्रं रंगीत येतात. मात्र उपयोग खराच आहे. साध्या फूरिएमध्ये साधारण एकाच अंतरावरचे हलके आणि जड शेजारी एकमेकांत मिसळून जातात, वेव्हलेटमध्ये ऑक्सिजनसारखे हलके अणू कमी के-व्हॅल्यूला (के म्हणजे कडेच्या पुढच्या ऊर्जेवरून काढलेला तरंगांक) दिसतात आणि जड धातू जास्त के-व्हॅल्यूला. पण हे चित्र फक्त दिशा दाखवतं, आकडे फिटिंगमधूनच काढावे लागतात.

आणि फिटिंगला मर्यादा आहेच. के ३ ते १२ प्रति अँगस्ट्रॉम आणि आर, म्हणजे अणूंमधलं अंतर, १ ते ३ अँगस्ट्रॉम घेतलं तर स्वतंत्र माहितीचे बिंदू जेमतेम ११ च्या आसपास येतात, दोन गुणिले के-रेंज गुणिले आर-रेंज भागिले पाय, एवढाच तो हिशोब. सॉफ्टवेअर कितीही नवीन असलं तरी ११ बिंदूंवर १५ व्हेरिएबल बसवता येत नाहीत, बसवली तर आकडे येतील पण त्यांना अर्थ नसेल.

लिनिअर कॉम्बिनेशन (माहीत असलेल्या स्पेक्ट्राचं मिश्रण जुळवणं), प्रिन्सिपल कंपोनंट (किती वेगळे घटक आहेत ते शोधणं) आणि प्री-एज, म्हणजे कडेच्या आधीच्या, छोट्या शिखरांचं पीक फिटिंगही लॅरिक्समध्ये आहे. पहिली दोन एथेनावाल्यांना ओळखीचीच.

प्रोग्रॅम बदलताना घोळ होतो तो डिफॉल्टमुळे. ई-नॉट, म्हणजे कडेची ऊर्जा, कुठे धरला, प्री-एजची रेषा कुठून कुठपर्यंत ओढली, बॅकग्राउंडसाठी आर-बॅकग्राउंड (ज्याच्या खालची अंतरं बॅकग्राउंड धरतात) १ अँगस्ट्रॉम ठेवला की १.२, यातलं काहीही हललं की पहिल्या शेलची, म्हणजे सगळ्यात जवळच्या शेजाऱ्यांच्या थराची, उंची बदलते आणि त्यासोबत कोऑर्डिनेशन नंबरही, म्हणजे त्या शेजाऱ्यांची संख्या. म्हणून अर्धा डेटा एथेनात आणि उरलेला लॅरिक्समध्ये असं करू नये. आधी शुद्ध धातूच्या फॉइलचा स्कॅन दोन्हीकडे टाकावा, नॉर्मलाइज्ड वक्र एकमेकांवर ठेवून बघावे, जुळत नसतील तर पॅरामीटर हाताने सारखे करावेत, मग नमुन्याला हात लावावा.

भारतात हा डेटा मुख्यतः इंदूरच्या राजा रामण्णा केंद्रातल्या इंडस-२ वर घेतला जातो, अडीच अब्ज इलेक्ट्रॉनव्होल्टची ही रिंग, जिच्यात फिरणाऱ्या इलेक्ट्रॉनमधून एक्स-रे मिळतात. तिथल्या बीएल-८ आणि बीएल-९ या दोन्ही एक्साफ्स बीमलाइन (कडेपुढच्या या लाटा मोजण्यासाठी रिंगमधून एक्स-रे नमुन्यापर्यंत आणणाऱ्या लाइन) मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राच्या लोकांनी उभ्या केल्या. बीएल-९ एकेक ऊर्जा स्कॅन करते, तर बीएल-८ वाकवलेल्या क्रिस्टलने सगळा पट्टा एकदम डिटेक्टरवर टाकते, त्यामुळे तिथला डेटा कुठल्याही प्रोग्रॅममध्ये घ्यायच्या आधी पिक्सेलचं ऊर्जेत कॅलिब्रेशन करून घ्यावं लागतं.