टाक्याची लांबी (जुन्या औद्योगिक शिलाई मशिनांवरील)

सुई एकदा कापडात शिरल्यापासून पुन्हा शिरेपर्यंत कापड जितके पुढे सरकते, तितकी टाक्याची लांबी. साध्या टिपेच्या मशिनात सुई बहुधा जागेवरच वरखाली होते; कापड सरकवतात ते खालचे दाते. त्यामुळे टाका लहानमोठा करणे म्हणजे दात्यांची चाल कमीजास्त करणे. अलीकडच्या मशिनांवर ही लांबी मिलिमीटरमध्ये लिहिलेली असते, जुन्यांवर इंचातील टाक्यांच्या संख्येने. २५.४ ला मिलिमीटरने भागले की इंचातील टाके निघतात : २.५ मिमी म्हणजे साधारण १०, ४ मिमी म्हणजे सहाच्या थोडे वर. मिलिमीटरच्या डायलवर हात बसलेला कारागीर जुन्या मशिनवर इथेच गोंधळतो, कारण आकडा वाढला की टाका बारीक होतो.

चादरी आणि टॉवेलांसाठी प्रसिद्ध असलेले सोलापूर शालेय गणवेशांचेही मोठे केंद्र आहे, आणि या तिन्ही मालांना एकच टाका चालत नाही. टेरिकॉटच्या शर्टाला इंचाला १० ते १२ टाके शोभतात. त्याहून दाट टीप घातली आणि धाग्याचा ताणही जास्त असला की शिवण चुण्या धरते. पँटच्या बैठकीच्या शिवणीला मात्र दाट टीपच हवी. तिच्यात इंचामागे धागा जास्त जातो, म्हणून ताण पडल्यावर ती तुटण्याआधी थोडी ताणली जाते. मूल खाली बसताना हाच फरक कळतो. पायाच्या दुमडीला लांब टाका बरा, कारण मार्जिन सोडण्यासाठी पालक ती पुढच्या वर्षी उसवणारच असतात. टॉवेलच्या फुगीर विणीत बारीक टाका बुडून जातो, आणि चादरीच्या जाड काठालाही मोठाच टाका लागतो.

सर्वांत साध्या जुन्या रचनेत मशिनच्या उभ्या भागावर एक खाच असते. तिच्यातला स्क्रू सैल करून वर किंवा खाली सरकवायचा आणि पुन्हा आवळायचा. सिंगरच्या १११ किंवा २४१ या जातीच्या मशिनांत असा स्क्रू शोधून सापडत नाही. तिथे मशिनच्या तळपाटावर एक दट्ट्या असतो. मोटर बंद करून, ती पूर्ण थांबल्यावर, हा दट्ट्या दाबून धरायचा आणि मशिनच्या उजव्या टोकाचे चाक हाताने सावकाश फिरवायचे. आतल्या सरकत्या चकतीच्या खाचेत तो अडकला की चाक हाताला अडते. मग दट्ट्या तसाच दाबून ठेवून, चाकावरचा हवा तो आकडा खुणेसमोर येईपर्यंत चाक मागेपुढे फिरवायचे आणि दट्ट्या सोडायचा. चकती अक्षापासून जितकी बाजूला सरकते, तितकी दात्यांची चाल वाढते. क्लच मोटर, म्हणजे शिवत नसतानाही फिरत राहणारी जुन्या धाटणीची मोटर, बटण बंद केल्यावरही काही वेळ फिरत राहते, हे विसरून दट्ट्याला हात लावू नये.

चाकावरच्या आकड्यावर विसंबणे मात्र भाबडेपणाचे. त्याच आकड्यावर जाड थरात टाका आखूड पडतो; दाते झिजले किंवा कापड वरून दाबून धरणाऱ्या फुटचा दाब कमी झाला तरी कापड घसरते आणि तेच होते. चकती धरून ठेवणारी पट्टी सैल झाली, तर चालू कामातच लांबी आपोआप बदलू लागते. मग आकडा पुन्हा लावून उपयोग नसतो, पट्टीचे स्क्रू बेताने आवळावे लागतात. फार आवळले तर चकती सरकतच नाही. खरी पद्धत जुनीच : जो माल शिवायचा त्याच कापडाच्या तुकड्यावर, तितकेच थर घेऊन टीप मारायची आणि पट्टी ठेवून इंचातले टाके मोजायचे.

नगावर मजुरी असते तिथे टाक्याची लांबी तांत्रिक बाब राहत नाही. मिनिटाला ३००० टाक्यांच्या वेगाने २.५ मिमीच्या टाक्यात साडेसात मीटर शिवण होते, ४ मिमीच्या टाक्यात १२ मीटर, आणि धागाही कमी लागतो. वळणे आणि थांबे धरता प्रत्यक्षात इतका फरक पडत नाही, पण मोह व्हायला तेवढा पुरतो. म्हणून काम घरी शिवायला देताना नुसता नमुना देऊन भागत नाही. इंचाला किती टाके हवेत, हे आधीच ठरवून सांगावे लागते.