जुने पलंग आखूड का दिसतात?

युरोप-अमेरिकेतल्या स्थानिक इतिहासाच्या संग्रहालयांत जुना पलंग पाहिला की कोणीतरी हमखास सांगतं, ‘तेव्हाची माणसं बुटकी होती, म्हणून पलंग आखूड.’ हे खरं नाही. अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धातल्या सैनिकांची सरासरी उंचीच सुमारे १७२ सेंटिमीटर होती.

फसतात ते आपले डोळे. चारही कोपऱ्यांना उंच खांब, वर छत, बाजूंना जाड पडदे, पिसांची फुगलेली गादी आणि उशाशी लांबलचक लोड. एवढ्या थाटात मधली जागा लहानच वाटणार. टेप लावला की बरेचसे पलंग आजच्याएवढेच भरतात. काही खरोखर आखूड असतात, कारण सुतार गिऱ्हाईक सांगेल त्या मापाने पलंग करायचा. ठरलेलं एकच माप नव्हतं. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातला १५९० च्या सुमाराचा, इंग्लंडमधल्या वेअर गावचा पलंग तर तीन मीटरहून अधिक लांब आणि तेवढाच रुंद आहे! अर्थात, तो मुळातच लोकांनी बघत राहावं म्हणून केलेला, त्यामुळे त्यावरून घरोघरच्या पलंगांचा अंदाज बांधू नये.

दोरीचा पलंग दिसला तर चौकटीची भोकं जरूर पाहा. त्यांतून ओवलेली दोरी वापराने सैल पडायची आणि लाकडी चावीने पिळून पुन्हा ताणावी लागायची. संग्रहालयात ही चावी कधीकधी पलंगाशेजारीच ठेवलेली असते.